नवव्या दिवशी पुन्हा

शाळा सुरू झाल्या की या सदराकडे सर्दी-खोकल्याची पत्रं येतात. यंदा उवांनी बाजी मारली. गंमत म्हणजे खरूज झाली तर लोक नावानिशी लिहितात, पण उवा नेहमी ‘आमच्या शेजारणीच्या मुलीला’ झालेल्या असतात. असू दे. शेजारणीच्या मुलीलाही औषध तेच लागतं.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे, केस कमरेपर्यंत. वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला म्हणून डोकं पाहिलं तर उवाच उवा. मेडिकलमधून औषध आणून लावलं, दोन दिवसांत डोकं साफ. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. जूनपासून हेच चाललंय. दर वेळी वेगळ्या कंपनीचं औषध आणते. याहून स्ट्राँग काही मिळेल का?
– एक आई, सांगली

तुम्हाला स्ट्राँग औषधाची नाही, कॅलेंडरची गरज आहे.

मेडिकलमध्ये सहसा मिळतं ते एक टक्का परमेथ्रिन. बाटल्यांवरची नावं वेगळी असली तरी आत बहुधा हेच असतं. मागची बारीक अक्षरं वाचून बघा. हे औषध चालत्याफिरत्या उवा मारतं, पण सगळ्या लिखा मारत नाही. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात. तिच्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत आणखी नऊ-दहा दिवस जातात. म्हणजे पहिल्यांदा औषध लावल्यापासून नवव्या दिवसाच्या आसपास एक चांगली संधी असते : उरल्यासुरल्या लिखा बहुतेक फुटलेल्या असतात आणि नव्या उवांनी अजून अंडी घातलेली नसतात. त्या दिवशी दुसऱ्यांदा औषध लावलं की त्यांचा वंश खुंटतो. तुम्ही डोकं साफ दिसलं म्हणून बाटली कपाटात ठेवलीत. पंधरा दिवसांनी दिसल्या त्या बहुधा त्याच घराण्यातल्या.

लावण्याचीही रीत आहे. रविवारी तेल चोपडून बसलेल्या डोक्यावरच लोशन ओतलं जातं, हे मी दवाखान्यात सतत ऐकते. तसं करू नका. आधी साध्या शाम्पूने केस धुवा, त्या दिवशी कंडिशनर नको. टॉवेलने पाणी टिपून घ्या आणि केस ओलसर असतानाच औषध मुळांपर्यंत लावा. कानांमागे आणि मानेच्या वर विशेष लक्ष द्या, कारण उवांचं मुख्य ठाणं तिथंच. दहा मिनिटांनी धुऊन टाका. रात्रभर ठेवलं म्हणून जास्त मरत नाहीत, कातडी मात्र चुरचुरते. नंतर एक-दोन दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नका. आणि कमरेपर्यंतच्या केसांना एक छोटी बाटली पुरेल असं धरू नका. अर्ध्या डोक्याला लावलेलं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता फणी. औषधाचं नाव सगळे विचारतात, फणी मात्र कुणी विचारत नाही, आणि माझा जास्त भरवसा तिच्यावर आहे. स्टीलची, लांब दातांची, दात अगदी जवळजवळ असलेली घ्या. औषधाबरोबर फुकट मिळते त्या प्लास्टिकच्या फणीचे दात वाकतात आणि लीख त्यातून आरामात निसटते. मुलीला स्टुलावर बसवा, भरपूर उजेड हवा. केस ओले करून त्यांना कंडिशनर किंवा भरपूर खोबरेल लावा, म्हणजे उवांची पळापळ मंदावते आणि फणी अडकत नाही. (औषध लावायच्या दिवशी फणी औषध धुतल्यानंतर, नुसत्या ओल्या केसांवरून फिरवा.) साध्या कंगव्याने गुंता काढा. मग बोटभर रुंद बट धरून फणी कातडीला टेकवा आणि मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत आणा. प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या कपड्यावर पुसा. कपड्यावर तिळाएवढं, करडं-तपकिरी काहीतरी पाय हलवताना दिसलं तर ती ऊ. झालेली बट क्लिपने बाजूला बांधा, नाहीतर कुठली झाली नि कुठली राहिली ते कळत नाही. लांब केसांना तासभर सहज लागतो, तेव्हा हातात मोबाइल द्या किंवा गोष्ट सांगा, काय चालतं ते करा. दर तीन-चार दिवसांनी एकदा, असं निदान दोन आठवडे.

इस्राएलमध्ये लाखीश इथं उत्खननात एक हस्तिदंती फणी सापडली. सुमारे ३७०० वर्षं जुनी. तिच्यावर कनानी या प्राचीन लिपीत एक वाक्य कोरलंय, ते २०२२ साली प्रसिद्ध झालं. ‘या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून निघोत’ अशा अर्थाचं. म्हणजे हस्तिदंतातून फणी करून घेण्याइतकी ऐपत असलेल्या घरीही उवा होत्याच. ‘आमच्याकडे रोज अंघोळ असते हो डॉक्टर’ असं दबक्या आवाजात सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ऊ धुतलेल्या डोक्यावरही तितक्याच खुशीत राहते.

तिसरी गोष्ट, घरातली सगळी डोकी एकाच दिवशी पाहा. बाबा, आजी, धाकटा भाऊ, कामाला राहणारी ताई, सगळ्यांची. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसेल त्यांना त्याच दिवशी औषध, आणि मुलीच्या अंथरुणात झोपणाऱ्यालाही. बाकीच्यांना उगाच नको. औषध दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावायचं नाही. घरात कुणी गरोदर असेल तर फणीवर भर द्या, औषधाचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

घर मात्र डोक्यावर घेऊ नका. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, ओढण्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, कंगवे दहा मिनिटं कढत पाण्यात बुडवा. गाद्यांवर फवारणी, सोफा बाहेर, कुत्र्याला औषध, यातलं काहीही नको. कुत्र्या-मांजरांवर माणसाची ऊ राहत नाही.

रीतसर दोनदा लावूनही फणीत टुणटुणीत उवा येत असतील, तर त्या परमेथ्रिनला दाद देत नाहीत असं समजायचं. त्यासाठी डायमेथिकोन आहे. ते विष नाही, उवेच्या अंगावर बसून तिची कोंडी करतं. आयव्हरमेक्टिनची गोळीही आहे, पण ती वजन पाहून द्यावी लागते, पंधरा किलोच्या आतल्या मुलाला आणि गरोदर बाईला देत नाहीत. ‘मेडिकलवाल्याने दिली’ म्हणून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या काळी सीताफळाच्या बिया वाटून लावायचो, एका रात्रीत डोकं साफ. सून नातीला लावू देत नाही, म्हणते डोळे जातील. खोबरेलात कापूर घालून लावला तर? आमच्या वाडीत काही जणी रॉकेलसुद्धा लावतात.
– एक आजी, सासवडजवळून

आजी, सुनेचं ऐका.

तुमचं म्हणणं खोटं नाही. सीताफळाच्या बियांत कीटक मारणारं द्रव्य आहे, उवा मरतातही. पण तेच द्रव्य डोळ्याला जहर आहे. भुकटी लावून पोर झोपतं, घामाबरोबर ते कपाळावरून उतरतं, मूल झोपेत डोळे चोळतं आणि सकाळी डोळा लालभडक, उघडवत नाही, उजेड सोसत नाही. बुबुळावरचा पडदा सोलवटलेला असतो. तुमच्याकडे तर सीताफळाची बागच दारात, म्हणून मुद्दाम सांगते : बिया वाटताना उडालेला कणही पुरतो. चुकून गेलाच तर चोळू न देता पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरातले जुने थेंब घालू नका.

कापूर घरात पूजेला असतो म्हणून निरुपद्रवी वाटतो. लहान मुलाने थोडा जरी खाल्ला तरी आकडी येऊ शकते, आणि कातडीतूनही तो अंगात भिनतो. तेल लावायचंच तर नुसतं लावा. तेलाने उवा मरत नाहीत, पण फणी छान चालते, आणि नातीचं डोकं पाहायला तुमच्याइतकं निवांत घरात कोण आहे? डोळ्याला चष्मा लावा आणि बसा.

रॉकेल आताशा सहज मिळत नाही हे बरंच झालं. कातडी भाजते, वास छातीत जातो, आणि चुलीपाशी ते डोकं गेलं तर पुढचं सांगायला नको. पण रॉकेल मिळत नाही म्हणून काही घरांत शेतावरचं फवारणीचं औषध किंवा झुरळांचा खडू डोक्याला लागतो. भीक नको पण कुत्रं आवर, असलं ते. फवारणीची काही औषधं कातडीतून थेट रक्तात जातात. मुलाला लाळ सुटते, उलट्या होतात, बुबुळातली बाहुली टाचणीएवढी होते, दम लागतो. कुणाला असं झालेलं दिसलं तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून डोकं साबणाने धुवा, कपडे बदला आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन सरळ मोठा दवाखाना गाठा. बाटली न्याच, डॉक्टरांचा वेळ वाचतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात तीन-चार मुलींच्या डोक्यात उवा आहेत. बाकीचे पालक म्हणतात त्यांना घरी पाठवा. एका मुलीजवळ तर कुणी बसेना झालंय. काय करावं?
– शिक्षिका, नांदेड जिल्हा

घरी पाठवू नका. तुम्हाला आज दिसल्या म्हणजे त्या मुलीच्या डोक्यात बहुधा महिनाभर आहेत. पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात, कारण खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. इतके दिवस ती वर्गात होती, आणखी एका दिवसाने काही आभाळ कोसळत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही उवा किंवा लिखा आहेत म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवू नये अशी भूमिका घेतली आहे. शिवाय उवा उडत नाहीत, उडी मारत नाहीत. बहुतेक वेळा डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. बाकावर शेजारी बसल्याने नव्हे, एकाच पुस्तकात दोघींनी डोकी घातल्याने.

ग्रुपवर नाव टाकू नका, हे सांगायची गरज तुम्हाला नसेल, पण पालकांना असेल. मजकूर असा ठेवा : ‘वर्गात उवा आहेत. सगळ्यांनी येत्या रविवारी मुलांचं डोकं फणीने पाहावं, आढळल्यास त्याच दिवशी औषध, आणि नवव्या दिवशी पुन्हा.’ सगळ्यांनी, आणि एकाच रविवारी. पंचवीस घरांनी पंचवीस वेगवेगळ्या तारखांना औषध लावलं की उवा या डोक्यावरून त्या डोक्यावर पाहुणचार घेत वर्ष काढतात. जिच्या घरी औषधाला पैसे नाहीत तिला शाळेच्या खर्चातून एक स्टीलची फणी द्या, सगळ्यांदेखत नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्यांना दाखवाच, पण ते वर्षातून एकदा येणार. त्याची वाट पाहत बसू नका.

घट्ट दोन वेण्या घालून वर बांधलेल्या बऱ्या. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत एकीचा अंबाडा दुसरीला, एकाच कंगव्याने दहा डोकी, हे तेवढं टाळा. आणि ज्या मुलीजवळ कुणी बसत नाही, तिच्याजवळ आठवडाभर तुम्ही बसा. हे औषध मी लिहून देऊ शकत नाही.

प्रश्न : मुलाच्या केसांत पांढरं पांढरं आहे. कोंडा की लिखा? आणि मानेमागे वाटाण्याएवढ्या गाठी लागतात.
– एक बाबा, ठाणे

दोन बोटांत केस धरून पांढरा कण सरकवून बघा. टिचकीने उडाला तर कोंडा. केसाला एका बाजूला चिकटून राहिला, नखाने ओढल्याशिवाय सरकला नाही तर लीख. कातडीपासून सेंटिमीटरभर दूर गेली असेल तर ती बहुधा फुटलेली, रिकामी. केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो. नुसत्या जुन्या लिखांवर औषध लावायचं नाही, जिवंत ऊ सापडली तरच.

गाठी बहुतेक खाजवून झालेल्या जखमांमुळे असतात. डोक्यात खपल्या, पू, केस चिकटलेले असं काही असेल किंवा ताप असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, त्यावर वेगळं औषध लागतं. उवा गेल्यावर तीन-चार आठवड्यांतही गाठी कमी झाल्या नाहीत, तरी दाखवा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, मुलीचे केस सरळ काढून टाका, कटकट मिटेल. ती पाचवीत आहे, नुसतं नाव काढलं तरी रडते.
– एक आई, चिपळूण

कटकट मिटेल हे खरं, उवा टकलावर राहत नाहीत. पण दोन आठवडे फणी आणि दोनदा औषध एवढ्यात जे जातं त्यासाठी पाचवीतल्या मुलीचं टक्कल कशाला? खांद्यापर्यंत कापले तर फणीचं काम निम्म्यावर येतं, तेवढं तिला विचारून बघा. नाही म्हणाली तर राहू द्या लांब. आणि दिवाळीत मामाकडून परत आली की बॅग उघडायच्या आधी डोकं पाहा. सगळी भावंडं एका ओळीत गाद्या टाकून झोपलेली असतात.