ज्युपिटर-३ पूर्ण उघडी ठेवून जत्रेतले फोटो काढायचे तर काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या लायका एम३ या फिल्म कॅमेऱ्यावर ज्युपिटर-३ ही जुनी सोव्हिएत लेन्स (५० मिमी, एफ/१.५) लावून फोंड्याकडच्या जत्रेत चेहरे टिपले. डोळे सॉफ्ट आले, कान मात्र शार्प. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/२.८ पर्यंत बंद केलं तरी तेच. हीच लेन्स डिजिटल मिररलेस कॅमेऱ्यावर लावली की बरी चालते. मग ती विकून दुसरी घ्यावी का, की पूर्ण उघडी वापरणंच सोडून द्यावं?

विकू नका, आणि उघडी वापरणं तर मुळीच सोडू नका. डोळ्यांऐवजी कान शार्प येतात, यातच सगळं निदान आहे. काच खराब असती तर कानही शार्प आले नसते. मिररलेसवर तुम्ही पडद्यावर मोठं करून थेट लेन्समधून फोकस बघता, तिथे रेंजफाइंडरचा, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दोन प्रतिमा जुळवून फोकस ठरवणाऱ्या यंत्रणेचा, संबंधच येत नाही. म्हणजे लेन्स ठीक आहे, लेन्स आणि कॅमेरा यांचं आपसातलं माप जुळत नाहीये. आणि या लेन्सच्या बाबतीत तीन गोष्टी अशा आहेत, की त्या तिन्ही फोकस मागेच ढकलतात.

पहिली गोष्ट मापाची. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी फोकल लेन्थ धरून बसवलेला असतो. सोव्हिएत कारखान्यांनी महायुद्धानंतर झाइसच्या सोनार लेन्सवरून ज्युपिटर-३ केली, तेव्हा माप झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचं, म्हणजे ५२.४ मिमीचं ठेवलं. लांबवर हा फरक जाणवत नाही. एक मीटरवर मात्र रेंजफाइंडर डोळा दाखवतो आणि खरा फोकस सुमारे तीन सेंटिमीटर मागे पडतो. एफ/१.५ ला एक मीटरवर एकूण डेप्थ, म्हणजे शार्प येणारी खोली, मिळते साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे मागेपुढे जेमतेम पावणेदोन. डोळा गेलाच.

दुसरी गोष्ट सोनारच्या रचनेतली. लेन्सरचनाकार लुडविग बेर्टेले यांनी १९३२ च्या सुमारास एफ/१.५ सोनार आणली तेव्हा कोटिंग, म्हणजे काचेवरचं परावर्तन कमी करणारा लेप, नव्हतं. प्रत्येक उघड्या काचपृष्ठावर चार-पाच टक्के प्रकाश वाया जायचा आणि फ्लेअर, म्हणजे फोटो धुवून टाकणारा भलता उजेड, वाढायचा. म्हणून त्यांनी काचा एकमेकींना चिकटवून तीनच गट केले. हवेला लागणारी पृष्ठं उरली सहा. झाइसमध्ये स्माकुला यांनी कोटिंग आणलं ते १९३५ मध्ये. या हुशारीची किंमत म्हणजे शिल्लक राहिलेलं स्फेरिकल अ‍ॅबरेशन. काचेच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांच्या जरा आधी एकवटतात. तुम्ही अ‍ॅपर्चर बंद करत गेलात की कडेचे किरण कापले जातात आणि फोकसची पातळी मागे सरकते. याला फोकस शिफ्ट म्हणतात. एफ/२.८ वर नेऊनही कानच शार्प का आले, ते इथे कळतं. डेप्थ साडेसहा सेंटिमीटर झाली खरी, पण फोकसही आणखी मागे गेला. एफ/५.६ च्या पुढे डेप्थच इतकी वाढते की हा घोळ झाकला जातो. तोवर सोनार घराण्यातल्या लेन्सला ‘एक-दोन स्टॉप बंद कर, शार्प होईल’ हा सल्ला लावू नये. ती उघडी तरी वापरावी, नाहीतर भरपूर बंद तरी.

तिसरी गोष्ट आपल्या हाताची. रेंजफाइंडरचा ठिपका मधोमध. उभ्या फ्रेममध्ये आपण ठिपका डोळ्यावर जुळवतो आणि मग चेहरा वर घेण्यासाठी कॅमेरा खाली झुकवतो. फोकसची पातळी सपाट असते, ती कॅमेऱ्याबरोबर तिरकी होते आणि डोळ्याच्या मागून जाते. एक मीटरवर तेरा-चौदा अंश झुकवलं की इथेही जवळपास तीन सेंटिमीटर गेले. तिन्हीची बेरीज करा, कानापर्यंत सहज पोचाल.

आता करायचं काय? आधी एम३ चा स्वतःचा रेंजफाइंडर तपासा. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून दूर नांगरलेल्या जहाजाची डोलकाठी धरा. लायकाची स्वतःची एखादी लेन्स अनंतावर असताना दोन्ही प्रतिमा एक व्हायला हव्यात. नाही झाल्या तर दोष ज्युपिटरला देऊ नका, आधी कॅमेरा दुरुस्तीला द्या. ते ठीक असेल तर ज्युपिटरच्या आत काचांच्या गटामागे जी पातळ चकती, म्हणजे शिम असते, ती जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून किंचित जाड करून घ्या. एक मीटरवर, पूर्ण उघडी असताना डोळा शार्प यावा, असं स्पष्ट सांगा. याने अनंतावर उघडी असताना थोडं मऊ येईल. माझ्या मते तो सौदा शंभर टक्के पटण्यासारखा आहे, कारण लांबची टेकडी एफ/१.५ ला कोण काढतो?

तोवर एक मीटरचा हट्ट सोडून दोन मीटरवर या. तिथे डेप्थ चौदा सेंटिमीटर होते, चेहरा नीट बसतो, आणि आजूबाजूचे चार दिवेही फ्रेममध्ये येतात. एक मीटरवर जाणं भागच असेल तर फोकस जुळवून, फ्रेम बदलून, मग शरीर कमरेतून किंचित मागे न्या. दोन-तीन सेंटिमीटर पुरे. अंधारात ठिपका कशावर जुळवता, हेही बघा. दिवजोत्सवात बाई हातात पेटती दिवज (वातींचा दिवा) घेऊन उभी असते तेव्हा सगळ्यात आधी चमकतो तो नथीचा मोती. साहजिकच आपण त्यावर जुळवतो. पण नथ डोळ्याच्या तीनेक सेंटिमीटर पुढे असते. शिम बदलल्यावर नथीवर जुळवलंत तर नथच शार्प येईल. बुबुळात ज्योतीचा जो बारीक ठिपका दिसतो, तो धरा. एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य ०.९१ पट, म्हणजे जवळपास नुसत्या डोळ्यांना दिसतं तेवढंच दिसतं, त्यामुळे तो ठिपका दिसतो.

इतकं केल्यावरही फोटो आजच्या लेन्ससारखा करकरीत येणार नाही, आणि येऊही नये. शार्प रेषेवर एक पातळ उजेडाची साय उरते, ती त्याच अ‍ॅबरेशनची. त्याच्यामुळे मागचे दिवे कडा न दाखवता विरघळतात, आणि खालून येणाऱ्या ज्योतीच्या कडक उजेडात डोळ्यांखालच्या सावल्या जरा उघडतात. मला जत्रेसाठी ही लेन्स आवडते ती याचसाठी. फक्त मंडपाच्या एलईडी माळा थेट काचेवर घेऊ नका, नाहीतर सगळी फ्रेम दुधाळ होते. हूड लावा, एक पाऊल बाजूला व्हा, माळ कुणाच्या तरी डोक्यामागे जाऊ द्या. ४०० ची फिल्म, एफ/१.५ आणि १/३०, हा समईच्या उजेडातला माझा ठरलेला आकडा. १६०० ला पुश केली, म्हणजे १६०० ची समजून वापरली आणि डेव्हलपिंग वाढवलं, तर १/१२५ मिळतो आणि पालखी हलली तरी चालते.

दिवसा उघडी वापरायची हौस असेल तर गोव्याच्या उन्हात १०० च्या फिल्मलाही एफ/१.४ च्या आसपास १/१२००० चा शटर लागेल, आणि एम३ थांबतो १/१००० वर. चार स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा करडा, फिल्टर हवाच. शिवाय एम३ च्या शटरचा पडदा कापडी आहे. किनाऱ्यावर सूर्याकडे तोंड करून लेन्स उघडी आणि अनंतावर राहिली की त्या पडद्याला भोक पडतं. कॅमेरा गळ्यात असताना लेन्सची टोपी लावलेली असू द्या.

दुसरी लेन्स घेण्याबद्दल: कॅननची १९६१ ची एफ/०.९५ ऐकून भुरळ पडते, पण ती कॅनन ७ च्या खास बायोनेटची आहे, बदल केल्याशिवाय तुमच्या एम३ वर बसणार नाही. घ्यायचीच तर कॅननची स्क्रू माउंटची एफ/१.४ बघा, ती १९५७ ची. रचना वेगळी, फोकस शिफ्टचा त्रास कमी. घेताना मागून टॉर्च मारून अ‍ॅपर्चरच्या पात्यांमागची काच नक्की पाहा, जुन्या कॅननमध्ये तिथेच धुरकटपणा धरतो आणि कधीकधी पुसूनही जात नाही. पावसाळ्यात कुठलीही लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट घ्या.

शिम बदलायच्या आधी एक रोल चाचणीसाठी काढा. मंगेशीला दर सोमवारी संध्याकाळी पालखी निघते, मोठ्या जत्रेइतकी गर्दी नसते. फोटो काढायला कुठे मुभा आहे ते देवस्थानात आधी विचारा. एक मीटर आणि दोन मीटर, दोन्ही अंतरांवर फक्त एफ/१.५ ला काढा, अंतर वहीत लिहा. निगेटिव्ह आल्या की प्रत्येक चेहऱ्यावर नक्की काय शार्प आहे ते इथेच कळवा, शिम कितपत जाड लागेल याचा अंदाज त्यावरून सांगेन.