जेटला हात लावण्याआधी मॅग्नेट साइडचा सील बघा

तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यापाशी मी थांबलो: "अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही." वडिलांची १९९८ ची एलएमएल व्हेस्पा, नवा सायलेन्सर, पाऊण अ‍ॅक्सिलेटरला गाडी घुसमटते, फिटर म्हणतो जेट (कार्बोरेटरमधला, ठराविक भोकातून पेट्रोल सोडणारा पितळी तुकडा) मोठा करून देतो, हे सगळं त्यानंतरचं. ज्या टू-स्ट्रोकची रेस वरच लटकते, तिथे बहुधा कुठूनतरी चोरटी हवा आत जात असते. ती बंद झाल्याशिवाय कुठलाही जेट बरोबर बसणार नाही.

प्लग, गॅप, टायमिंग, कार्बोरेटरची सफाई हे झालं असेल असं धरतो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मात्र बघाच. ते बुजलं तरी गाडी थोडं अंतर धावून अशीच मरते.

माझ्या एलएमएल एनव्ही स्कूटरचं दुखणं हेच होतं. शहरातल्या जुन्या, स्कूटरसाठी नावाजलेल्या गॅरेजात दिली. नाव घेत नाही. त्यांनी आयडलिंगचा स्क्रू कमी केला, मेन जेट काढून त्यात पोकर फिरवून भोक मोठं केलं आणि मला सांगितलं, "कार्बोरेटर साफ केला." बिलावरही तेवढंच. गाडी फुल रेसला छान पळायला लागली, कुणालाही पटेल इतकी छान. पुढे पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना, अ‍ॅक्सिलेटर बंद आणि गाडी गिअरमध्ये असताना इंजिन जाम झालं. मागचं चाक घासत गेलं, क्लच दाबला म्हणून गाडी पडली नाही. मागे ट्रक असता तर हे लिहायला मी नसतो.

असं का होतं हे नीट समजून घ्या, कारण तुमचा फिटर तुम्हाला त्याच रस्त्याने नेतो आहे. या गाड्यांच्या २०/२० कार्बोरेटरमध्ये नीडल (पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) नसते. साधारण पाव अ‍ॅक्सिलेटरपर्यंत आयडल जेट काम करतो, पुढे मेन जेटचा संच. मॅग्नेट साइडचा, म्हणजे इंजिनाच्या चुंबकी चाकाकडचा, क्रँक सील गळत असेल तर जास्तीची हवा क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात) सतत शिरते. मेन जेट मोठा केला की उघड्या अ‍ॅक्सिलेटरला पेट्रोल वाढतं आणि तेवढ्यापुरती गळती झाकली जाते. घाट उतरताना अ‍ॅक्सिलेटर बंद असतो, म्हणजे मेन जेट कामावरच नसतो. आरपीएम चढलेले, पेट्रोल फक्त आयडल जेटमधून येणार, वरून ही जास्तीची हवा. आणि टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) पेट्रोलमधूनच येत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, म्हणून इंजिन जाम होतं. मोठा जेट तिथे काहीच कामाचा नाही. (गळती नसली तरी लांब उतारावर मधूनमधून अ‍ॅक्सिलेटर थोडा उघडत राहावा. प्रिमिक्सच्या, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या, प्रत्येक गाडीला हे लागू आहे.)

दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन खोललं तेव्हा सीलची कड कडक होऊन तडकलेली होती. जेटवर आकडा १०० चा, पण त्यात १.१० मिमीच्या ड्रिलचा दांडा आरामात गेला. डेलॉर्टो या कार्बोरेटर कंपनीच्या पद्धतीच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० म्हणजे १.०० मिमी. १.१० केलं की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. आणि आकडा तोच राहतो! त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढे जे काही बदलाल ते सगळं चुकीचं ठरणार. बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा असा खर्च झाला, आणि गॅरेजवाल्यांचं उत्तर होतं, "तुम्ही ऑइल कमी टाकलं असेल." खर्चाचं दुःख ओसरलं. गिऱ्हाइकाला न सांगता भोक मोठं करून वर आकडा तसाच ठेवायचा, याचा राग मात्र अजून आहे. जुने पार्ट नेहमी हातात मागून घ्या आणि काय बदललं ते बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार देणाऱ्याकडे गाडी ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या गाडीबद्दल. घुसमटते त्या क्षणी चोक थोडा ओढून बघा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर जास्त होतंय. मग सील. मॅग्नेट साइडचा सील मॅग्नेट आणि कॉइलची प्लेट उतरवून बाहेरूनच बदलता येतो, इंजिन फोडावं लागत नाही, बोअरच्या मानाने खर्च किरकोळ. मॅग्नेटला पुलरच लावा, हातोडा नको. सील विटॉनचा (उष्णता आणि पेट्रोल सोसणाऱ्या रबराचा) मिळाला तर घ्या. क्लच साइडचा सील गळत असेल तर गिअर ऑइल कमी होतं आणि धूर वाढतो, त्याला मात्र इंजिन फोडावं लागतं. कार्बोरेटरखालचं पॅकिंगही नवं टाका, पण ते दोन बोल्ट जीव खाऊन आवळू नका. बॉडी वाकते, स्लाइड अडकते, आणि मग रेस लटकायला दुसरंच कारण तयार होतं.

इतकं करूनही घुसमटत असेल तरच जेट. नवा, न छेडलेला जेट घ्या. पुण्यात नाना पेठेत विचारा. भोक तपासायचं तर ड्रिलचा गुळगुळीत दांडा हलक्या हाताने घालून बघा, फिरवू नका, पितळ मऊ असतं. व्हेस्पा पीएक्स १५० चा ठरलेला संच १६०, बीई३, १०० असा आहे: वर एअर जेट, मध्ये इमल्शन ट्यूब, खाली मेन जेट. तुमच्यात काय आहे ते काढायच्या आधी लिहून ठेवा. सायलेन्सर बदलल्यावर मी नेहमी मोठ्या बाजूने खाली येतो. म्हणजे १०८ टाकायचा, फुल रेसला भरभरून अडखळली की एकेक पायरी उतरायची आणि अडखळणं थांबेल तिथे थांबायचं. लहान जेटपासून वर चढत गेलात तर तुमच्या चुकीबद्दलची किंमत पिस्टन मोजतो. मिकुनी या दुसऱ्या कार्बोरेटर कंपनीचे काही जेट व्यासावर नाही तर प्रवाहावर मोजतात, त्यांचे आकडे इथे लावू नका.

प्लग बघायचा तर चढावर फुल रेसमध्ये इंजिन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबा, गाडी बाजूला घ्या आणि मग प्लग काढा. आयडलिंगवर घरी येऊन काढलेला प्लग मेन जेटबद्दल काही सांगत नाही. पीयूसीचं तसंच. ते मशीन आयडलिंगचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मोजतं, त्यामुळे पीयूसी पास म्हणजे जेट बरोबर असं नाही. मागचा मिक्श्चर स्क्रू या कार्बोरेटरवर बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. बरेच फिटर उलटं समजून फिरवतात.

ई२० चंही (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) विचारलं होतंत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण साधारण ७-८ टक्के पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. १०० ऐवजी १०२ किंवा १०४ लागला तर नवल नाही. टूटी ऑइल लिटरला २० मिलीपेक्षा वाढवून "सेफ" होईल असं समजू नका. तेल वाढलं की जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं.

मी मेकॅनिक नाही. हे माझ्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवरून लिहिलं आहे, तुमच्या इंजिनाला आधी बोअर मारलेला असेल तर आकडे बदलतील. सील बदलल्यावर जुना जेट तसाच ठेवून एकदा चालवा आणि रेस खाली येते का तेवढं आधी कळवा. जेटचं त्यानंतर बोलू.