तीन डोळ्यांचा जुना प्रोजेक्टर घ्यावा का? आधी त्याच्या डोळ्यांत पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरातल्या एका बंद पडलेल्या प्रशिक्षण केंद्राचं सामान निघालं आहे, त्यात सात इंची ट्यूबचा सीआरटी, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर चालणारा, प्रोजेक्टर आहे आणि विकणारा 18,000 रुपये सांगतो. तुम्हाला तो दारव्ह्याकडच्या तुमच्या गावात वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवारी रात्री जुने सिनेमे दाखवायला हवा आहे, आणि गणपतीत मैदानावरही लावायचा आहे.

माझं मत आधीच सांगतो. हॉलसाठी तो घेण्यासारखा असू शकतो, मैदानासाठी मुळीच नाही. आणि हॉलसाठीसुद्धा, तो चालू करून, तासभर तापवून, तिन्ही ट्यूब स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका.

मी आर्वी तालुक्यात तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम केलं. असे तीन प्रोजेक्टर माझ्या हातून गेले, एक आजही घरी चालतो. पहिला घेताना मात्र मोठी चूक झाली. विकणाऱ्याकडे पोचलो तेव्हा लोडशेडिंग सुरू होतं, लाईट यायला चार तास होते आणि भाड्याची गाडी दारात उभी होती. यंत्र वरून चकचकीत, केबल सोबत, किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर आकडा कमी. उचलून आणलं. रात्री लावलं तर पडदा मधोमध पिवळसर आणि कडेला निळसर! निळी ट्यूब मध्यभागी झिजलेली होती. तासांचा मीटर कमी दाखवत होता, कारण आतली सर्किटची पाटी कधीतरी बदललेली होती. म्हणून मीटरवर विश्वास ठेवू नका, ट्यूबवर ठेवा.

ट्यूबवर एवढा भर का, ते सांगतो. आजच्या एलसीडी किंवा डीएलपी प्रोजेक्टरमध्ये उजेड वेगळ्या दिव्याचा, नाहीतर एलईडी किंवा लेझरचा असतो. दिव्याचा असेल तर दिवा गेला की बदलायचा. सीआरटीत दिवाच नाही. लाल, हिरवी, निळी अशा तीन ट्यूब, प्रत्येकीपुढे स्वतःचं भिंग. ट्यूबच्या तोंडावर आतून फॉस्फरचा लेप असतो, त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा होतो आणि लेप उजळतो. आपल्या जुन्या टीव्हीत होतं तेच, फक्त टीव्हीच्या मानानं कितीतरी लहान जागेवर आणि कितीतरी जोरात. लेप जितका उजळला तितका झिजतो, आणि जिथं उजळला तिथंच झिजतो. प्रशिक्षण केंद्रात दिवसभर कॉम्प्युटरचं चित्र चालत असणार, खाली तीच पट्टी, कोपऱ्यात तेच चिन्ह. सिनेमा रोज बदलतो, तशी ती पट्टी बदलत नाही. त्यामुळे तिचा ठसा ट्यूबवर कायमचा बसतो. यंत्रातलं बाकी सगळं दुरुस्त होतं, ही झीज भरून येत नाही. आणि नवी ट्यूब आपल्याकडे दुकानात मिळत नाही, दुसरा प्रोजेक्टर मोडूनच काढावी लागते.

पाहायचं कसं? यंत्र बंद असताना भिंगातून टॉर्च मारा. लेपाचा रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. मध्ये तपकिरी किंवा राखाडी चौकोन दिसला तर ती वापराची खूण. अगदी पुसट चौकोन चालतो, कारण वापरलेल्या ट्यूबवर तो असणारच. पण चौकोनाची कड सरळ, ठळक, पट्टीनं आखल्यासारखी दिसली तर ट्यूब बरीच झिजली असं समजा. मग यंत्र चालू करा, पूर्ण पांढरं चित्र द्या आणि दोन भिंगांपुढे पुठ्ठा धरून एकेक रंग पडद्यावर पाहा. हिरवा मैदानासारखा सपाट दिसतो का? निळा मध्येच विरतो का? खालच्या बाजूला जुन्या पट्टीची सावली येते का? यानंतर एक गोष्ट कराच. मेनूत जाऊन चित्राचा आकार चारही बाजूंनी थोडा मोठा करा. एरवी न वापरलेली कड उजळेल आणि तीच तुमची मोजपट्टी होईल. कडेच्या आणि मधल्या उजेडात डोळ्यांना लगेच जाणवेल इतका फरक असेल, तर त्या यंत्राला भंगाराच्या भावापलीकडे किंमत देऊ नका.

निळ्या ट्यूबकडे जास्त लक्ष द्या. निळा फॉस्फर जोर वाढवला तरी एका मर्यादेपुढे त्या प्रमाणात उजळत नाही, त्यामुळे पांढऱ्याचा तोल सांभाळताना तिच्यावर ताण पडतो. माणसाचा डोळा निळ्यातली बारीक धूसरता पटकन पकडत नाही, म्हणून जाणकार निळीचा फोकस किंचित सैल ठेवून उजेड वाढवतात. निळी थोडी धूसर दिसली तर घाबरू नका. हिरवी धूसर असेल तर मात्र थांबा, कारण चित्राची सगळी धार हिरव्यावर असते.

आता काचेपुढचं पाणी. ट्यूब तापते म्हणून तिच्या तोंडापुढे ग्लायकॉलचं द्रव भरलेलं असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यात बुरशी धरते. टॉर्चच्या उजेडात सरकी काढताना उडणाऱ्या रुईच्या पुंजक्यासारखं काही तरंगताना दिसेल, नाहीतर सगळं दुधट दिसेल. हे पाहून लोक यंत्र सोडून देतात, पण मी सोडणार नाही. द्रव काढून, आतली काच साफ करून, नवं भरता येतं. दोन दिवसांचं निगुतीचं काम आहे. पण तेवढं सांगून भाव खाली आणा. गाडीच्या रेडिएटरचं रंगीत कूलंट मात्र कोणी कितीही सांगितलं तरी घालू नका. आणि जुनं द्रव अंगणात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉलची चव गोड असते आणि ते विष आहे. कुत्रं चाटलं तर जातं, लहान पोरांचा तर विचारही करवत नाही.

सिग्नलचा भाग फार जण विसरतात. प्रत्येक यंत्राला एका सेकंदात किती ओळी आखता येतात याची मर्यादा असते. जुना साधा टीव्ही 625 ओळींचं चित्र सेकंदाला 25 वेळा आखतो, म्हणजे सेकंदाला 15,625 ओळी. हेच 15.6 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साधारण 15.6 हजार ओळी. नुसत्या व्हिडिओसाठी बनलेला जुना प्रोजेक्टर तिथंच थांबतो आणि त्याच्यावर आजची सेट टॉप बॉक्स लावायची तर चित्राचा दर्जा व्हीसीआरच्या काळात परत जातो. तुमचा कॉम्प्युटरसाठी वापरलेला आहे, म्हणजे आशा आहे. 720 ओळींचं चित्र, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळी धरून, 50 हर्ट्झला (सेकंदाला 50 वेळा) 37.5 किलोहर्ट्झ मागतं, 60 हर्ट्झला 45. पूर्ण 1080 प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दर वेळी सगळ्या ओळी आखणारं चित्र, 60 हर्ट्झला 67.5 मागतं. मागच्या पाटीवरचं मॉडेल वाचून त्याची कमाल मर्यादा शोधा आणि तिच्यापुढचा सिग्नल कधीच देऊ नका. सात इंची ट्यूबवर 720 पुरे. त्यापुढे ओळी एकमेकींत मिसळतात, हाती जास्त काही लागत नाही. एचडीएमआय त्याला कळत नाही. मागे पाच बीएनसी सॉकेट (फिरवून बसवायच्या गोल पिनांची) असतील, त्यासाठी एचडीएमआयमधून आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळा सिग्नल, काढणारा कन्व्हर्टर लागेल. त्याचे पैसे हिशेबात धरा.

मैदानाला नाही का म्हणालो? सात इंची ट्यूबच्या यंत्राचा पूर्ण पांढऱ्या पडद्यावरचा खरा उजेड साधारण 200 लुमेनच्या (उजेडाचं माप) आसपास असतो. माहितीपत्रकावर छापलेला मोठा आकडा लहानशा पांढऱ्या ठिपक्याचा असतो, त्यावर जाऊ नका. 6 फूट रुंद सिनेमाच्या पडद्यावर हा उजेड छान दिसतो. रुंदी दुप्पट केली, 12 फूट, की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. त्यात मांडवाची झालर, पानठेल्याचा ट्यूबलाईट, चौकातला एलईडी खांब. पोरं म्हणतील काही दिसतच नाही, आणि ते खरंच असेल. शिवाय याला झूम नसतो. पडद्यापासूनचं अंतर भिंगानं ठरलेलं, साधारण पडद्याच्या रुंदीच्या सव्वा ते दीड पट, आणि एकदा जागा बदलली की तिन्ही रंग पुन्हा जुळवावे लागतात. गणपतीत दहा दिवस भाड्यानं साधा प्रोजेक्टर आणा, तेच योग्य.

रंग जुळवणं म्हणजे कन्व्हर्जन्स, आणि तुम्ही हे यंत्र घ्यावं की नाही हे माझ्या मते ट्यूबनंतर याच गोष्टीवर ठरतं. आधी अर्धा-पाऊण तास तापू द्यायचं. मग जाळीचं चित्र लावून फक्त हिरव्याच्या रेषा सरळ करायच्या, कोपऱ्यांसह. त्यावर लाल बसवायचा. मग त्या हिरव्यावरच निळा. पहिल्यांदा माझी अख्खी रात्र गेली, दुसऱ्या दिवशी थोडं सरकलेलं पुन्हा बसवलं. हे काम आवडणारा माणूस तुमच्या वाचनालयात हवा. रिमोट नसेल तर काही मॉडेलमध्ये हे करताच येत नाही, म्हणून रिमोट आणि शक्य झालं तर पुस्तिका, या दोन गोष्टी सौद्यातच धरा.

आपल्याकडचं हवामानही पाहा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छताखालच्या हॉलमध्ये हे यंत्र लावू नये. उन्हाळ्यात रात्री दहानंतर, पंखा मागून देऊन. पावसाळ्यात उलटा त्रास. आत तीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, धुळीवर ओल धरली की चटचट आवाज येतो आणि उग्र वास सुटतो. असं झालं तर तिथंच बंद करा. पावसाळाभर आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवलं तर आतली ओल सुकते. कापसाच्या जिनिंगजवळ गाव असेल तर महिन्याला यंत्राची हवेची जाळी साफ करा, उंदीर आणि पालींसाठी सगळी भोकं बारीक जाळीनं बंद करा. व्होल्टेजसाठी सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, खटखट करणारा रिलेचा नको. झाकण मात्र शिकल्याशिवाय उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो, आणि तो जिवावर बेततो.

आणायचा कसा? वजन 50 ते 75 किलो, चार माणसं लागतात. छोट्या हत्तीत खाली गाद्या, यंत्र त्याच्या पायांवर उभं, आडवं कधीच नाही. माझ्या दुसऱ्या यंत्राचं द्रव आडवं आणल्यामुळेच आतल्या सर्किटच्या पाटीवर सांडलं. दारव्ह्याच्या रस्त्यावरचे खड्डे सोल्डरचे सांधे सैल करतात, तेव्हा पोचल्यावर लगेच चालू न करता जाणकाराकडून एकदा पाहून घ्या.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मला घरीही विचारतात. काळ्यासाठी. साध्या प्रोजेक्टरमध्ये काळा रंग म्हणजे दिव्याचा उजेड अडवून केलेला राखाडी. इथं ट्यूबवर काही नसेल तर पडद्यावर काहीच नसतं. जुन्या कृष्णधवल चित्रपटात रात्रीचा वाडा आला आणि एकच कंदील लागला, तर हॉलमध्ये खरोखर तेवढाच उजेड असतो. अमावस्येला वावरात जागलीला गेलेल्या माणसाला तो अंधार ओळखू येतो. आमच्या गावातले म्हातारे लोक ते पाहून गप्प बसले होते. तुमच्या हॉलला जाड पडदे लावून पूर्ण अंधार करता येत असेल, तर हे सुख शनिवारी शनिवारी मिळेल.

भावाचं म्हणाल तर, तिन्ही ट्यूब स्वच्छ, रिमोट सोबत, तासभर चालवून चित्र स्थिर, असं असेल तर मी 12,000 पर्यंत जाईन. द्रव दुधट असेल तर 7,000. हिरव्यावर ठळक चौकोन असेल तर परत फिरेन, गाडीभाडं गेलं तरी चालेल. जाताना टॉर्च, पुठ्ठ्याचे दोन तुकडे, व्हीजीए (जुन्या मॉनिटरचं सॉकेट) असलेला लॅपटॉप, व्हीजीएमधून पाच बीएनसी निघणारी केबल, आणि घाई न करणारा एक सोबती न्या. सुरुवात 640 बाय 480 नं करा, ते 31.5 किलोहर्ट्झवर चालतं आणि कॉम्प्युटरचं कुठलंही यंत्र ते घेतं. निघण्याआधी विकणाऱ्याला फोन करून लाईट कधी असते ते विचारा. तिन्ही भिंगांतून टॉर्च मारून काढलेले फोटो पाठवा, मी पाहून सांगतो.