इन्सुलिनच्या पेटीवरचे ‘लिली’ म्हणजे कोण?

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेहासाठी रोज इन्सुलिन घ्यावे लागते. त्या पेटीवर ‘लिली’ हे नाव असते. हे अमेरिकेतील एका लष्करी अधिकाऱ्याचे आडनाव असल्याचे ऐकले. सैन्यातला माणूस औषधांच्या धंद्यात कसा आला आणि त्याच्या घरच्या माणसांचे पुढे काय झाले, हे सांगाल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. हे आडनाव कर्नल एली लिली यांचे. मात्र ते सैन्यातून औषधांकडे वळले असे म्हणण्यापेक्षा, औषधांच्या दुकानातून सैन्यात गेले आणि बऱ्याच हालअपेष्टांनंतर पुन्हा औषधांकडे परतले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्यांचा जन्म 8 जुलै 1838 रोजी बाल्टिमोर येथे झाला आणि त्यांचे कुटुंब पुढे इंडियाना राज्यातील ग्रीनकासल या गावी स्थायिक झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास लाफायेट गावातील एका औषधालयात त्यांनी उमेदवारी पत्करली. औषधे कुटणे, वजन करणे, मिश्रणे तयार करणे ही कामे ते तेथे शिकले. 1860 मध्ये त्यांचा एमिली लेमन हिच्याशी विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ग्रीनकासलमध्ये स्वतःचे औषधांचे दुकान थाटले. दुकानाचा जम बसण्यापूर्वीच अमेरिकेतील यादवी युद्धाला तोंड फुटले आणि लिली उत्तरेच्या बाजूने सैन्यात दाखल झाले. त्यांचा मुलगा जोसाया याचा जन्म 18 नोव्हेंबर 1861 चा, म्हणजे वडील सैन्यात असतानाचा आहे.

पायदळातील पहिली नेमणूक सोडून त्यांनी स्वतःच जवान जमवले आणि तोफखान्याचे एक पथक उभारले. इंडियानाची अठरावी बॅटरी या नावाने नोंदलेले हे पथक ‘लिली बॅटरी’ म्हणूनच ओळखले जाई. 1863 मध्ये हूव्हर्स गॅप आणि चिकामॉगा येथील लढायांत हे पथक होते. नंतर लिली घोडदळात मेजर झाले. सप्टेंबर 1864 मध्ये अलाबामातील एका रेल्वेपुलाच्या रक्षणासाठी लढताना ते दक्षिणेच्या बाजूच्या जनरल फॉरेस्ट यांच्या फौजेच्या हाती सापडले आणि पुढचे काही महिने त्यांनी युद्धकैदी म्हणून काढले. 1865 मध्ये सैन्यातून निवृत्त होताना ते कर्नल होते व ही उपाधी त्यांच्या नावाला आयुष्यभर चिकटली.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ मात्र युद्धानंतरचा आहे. मिसिसिपी राज्यात त्यांनी सुमारे 1200 एकर जमीन खंडाने घेऊन कापूस लावला आणि बायकामुलांना तेथे नेले. तेथे सारे घर आजारी पडले. तो बहुधा हिवताप असावा. ऑगस्ट 1866 मध्ये एमिली गेली. ती गरोदर होती व पोटातले मूलही वाचले नाही. पाऊस कमी झाल्याने पीक बुडाले, भागीदार उरलेली रोकड घेऊन पसार झाला आणि लहानग्या जोसायाला आजी-आजोबांकडे ग्रीनकासलला पाठवण्याची वेळ आली. 1868 मध्ये लिली यांचे दिवाळे निघाले. तीस वर्षांचा हा कर्नल इंडियानापोलिसमध्ये एका औषधाच्या पेढीत नोकरीला लागला. लहानपणी शिकलेली विद्याच त्यांच्या कामी आली, हे त्यांचे चरित्र सांगताना विसरता कामा नये.

1869 मध्ये त्यांनी मारिया सिंथिया स्लोन हिच्याशी दुसरा विवाह केला. त्यानंतर इलिनॉयमधील पॅरिस या गावी एका भागीदाराबरोबर आणि मग इंडियानापोलिसमध्ये दुसऱ्या एका भागीदाराबरोबर त्यांनी धंदा केला. अखेर 10 मे 1876 रोजी पर्ल स्ट्रीटवर सुमारे 1400 डॉलरच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा छोटा कारखाना सुरू केला. हाताखाली तीनच माणसे होती आणि त्यांपैकी एक होता शाळा सोडून आलेला चौदा वर्षांचा जोसाया.

या कारखान्यातून सुरुवातीलाच बाहेर पडलेल्या औषधांत कोयनेल होते, म्हणजेच हिवतापावरचे औषध. एमिलीच्या मृत्यूशी ही गोष्ट जोडून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. अर्थात हिवताप तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या भागात पसरलेला होता आणि कोयनेलला गिऱ्हाइकांची वाण नव्हती, हे व्यापारी कारणही तितकेच खरे. त्या काळी बाजारात ज्या बाटल्या मिळत, त्यांत दारू किंवा अफू असूनही वरच्या चिठ्ठीवर तिचा उल्लेख नसे आणि एकाच बाटलीने डझनभर रोग बरे करण्याची हमी दिलेली असे. लिली यांनी हा मार्ग टाळला, आपल्या औषधांतील घटक उघड केले आणि रोग्याला भुलवण्याऐवजी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचा धंदा केला. गोळीवर जिलेटिनचे वेष्टण चढवण्याचे कामही त्यांच्या कारखान्यात लवकर सुरू झाले. कोयनेलची कडू चव ज्याने चाखली असेल, त्याला या वेष्टणाचे मोल वेगळे सांगायला नको. माल विकण्यासाठी त्यांनी जेम्स या आपल्या भावाला नेमले आणि जोसायाला फिलाडेल्फियाच्या औषधनिर्माण महाविद्यालयात धाडले. 1882 मध्ये पदवी घेऊन तो परतला व प्रयोगशाळेचा कारभार पाहू लागला.

दुसऱ्या विवाहापासून झालेली एलेनॉर ही एकुलती एक मुलगी 1884 मध्ये तेराव्या वर्षी घटसर्पाने गेली. घटसर्पावरची प्रतिलस त्यानंतर काही वर्षांनी, 1890 च्या दशकात, आली. शहरातील बालरुग्णालयाला पुढे लिली यांनी मदत केली आणि त्याला एलेनॉरचे नाव मिळाले. 1890 मध्ये स्थापन झालेल्या इंडियानापोलिसच्या कमर्शियल क्लबचे ते पहिले अध्यक्ष होते आणि 1893 मध्ये शहरात भरलेल्या माजी सैनिकांच्या राष्ट्रीय मेळाव्याची जबाबदारीही त्यांनीच पेलली. तोवर कारखान्याची सूत्रे जोसायाच्या हाती गेली होती. 6 जून 1898 रोजी कर्करोगाने कर्नल लिली यांचे निधन झाले.

आता आपल्या वडिलांच्या औषधाविषयी. इन्सुलिन कर्नल लिली यांनी पाहिलेही नाही. टोरोंटो विद्यापीठात 1921-22 मध्ये त्याचा शोध लागला, आणि ते मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा करार जोसायाच्या अमदानीत झाला. 1923 पासून ते बाजारात आले. जोसायाचे दोन मुलगे, आजोबांचेच नाव असलेला एली आणि धाकटा जोसाया, हे दोघेही पाठोपाठ कंपनीचे अध्यक्ष झाले. 1937 मध्ये बाप-लेकांनी मिळून ‘लिली एन्डाउमेंट’ हा धर्मादाय निधी स्थापन केला आणि 1953 मध्ये कंपनीचे अध्यक्षपद प्रथमच कुटुंबाबाहेर गेले.