व्ही-एटीपीएझची अँटिबॉडी : वाचकांचे प्रश्न

लायसोसोममधील (पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशवीतील) आम्लता राखणाऱ्या व्ही-एटीपीएझ या प्रोटॉन पंपाचे दोन भाग असतात: पेशीद्रवाच्या बाजूला राहून एटीपी (पेशीचे ऊर्जा-इंधन) मोडणारा व्ही-१ आणि पटलात रुतून प्रोटॉन पलीकडे नेणारा व्ही-०. वेस्टर्न ब्लॉट या तपासणीत नमुन्यातील प्रथिने जेलच्या उभ्या रांगांत (लेन) वजनानुसार वेगळी करतात, मेम्ब्रेनवर उतरवतात आणि ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने पट्ट्यांच्या (बँड) रूपात ओळखतात. त्यात या पंपाच्या अँटिबॉडी वापरताना आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : व्ही-० मधील ‘सी’ घटकाच्या अँटिबॉडीने १६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) जागी काहीच दिसत नाही; लेनच्या अगदी वर मात्र काळा डाग येतो. नमुना ९५ अंशांवर पाच मिनिटे उकळला होता. अँटिबॉडी खराब निघाली का?

अँटिबॉडीला दोष देण्याआधी उकळण्याकडे पाहावे. हा घटक अवघ्या १५५ अमिनो आम्लांचा असून पटलातून चार वेळा आरपार जातो. पाण्याचे इतके वावडे असलेली प्रथिने एसडीएस (प्रथिने उलगडणारा साबणासारखा पदार्थ) असतानाही तापवली की एकमेकांना चिकटतात, आणि त्यांचे गठ्ठे जेलमध्ये न शिरता खाचेच्या तळाशीच अडकून राहतात. तो काळा डाग बहुधा तुम्ही शोधत असलेले प्रथिनच आहे. त्याच लायसेटचे (पेशी फोडून केलेल्या द्रवाचे) दोन भाग करून एक उकळा, दुसरा ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि दोन्ही शेजारच्या लेनमध्ये चालवा. न उकळलेला नमुना डीएनएमुळे चिकट राहतो, पिपेटच्या टोकाला त्याची तार धरते. म्हणून तो आधी सोनिकेट करावा, म्हणजे ध्वनिलहरींनी त्यातील डीएनए तोडावा. तरीही बँड फिका आला, तर ०.४५ ऐवजी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचे मेम्ब्रेन वापरावे, कारण इतके लहान प्रथिन मोठ्या छिद्रांतून निसटू शकते.

प्रश्न : मूत्रपिंडाच्या नमुन्यात ‘बी’ घटकाचा ५६ किलोडाल्टनच्या आसपासचा बँड स्पष्ट आला. तो बी-१ मानावा का?

एवढ्यावरून मानू नये. बी-१ आणि बी-२ ही ‘बी’ घटकाची दोन रूपे; त्यांचे वजन जवळजवळ सारखे आणि अमिनो आम्लांचा क्रमही बव्हंशी सारखा. वेगळेपण मुख्यतः दोन टोकांना आहे. अँटिबॉडी कोणत्या पेप्टाइडविरुद्ध (प्रथिनाच्या तुकड्याविरुद्ध) तयार केली, हे माहितीपत्रकात पाहावे आणि तो भाग दोन्ही क्रमांशी ताडून घ्यावा. बी-२ बहुतेक ऊतींत आढळतो, तर बी-१ मूत्रपिंडातील इंटरकॅलेटेड (आम्ल-अल्कली तोल सांभाळणाऱ्या) पेशी, अंतर्कर्ण अशा मोजक्या ठिकाणी. बी-१ च्या जनुकातील दोषाने मूत्रनलिकांची आम्लविकृती आणि बहिरेपणा एकत्र येतो; अशा आजारावर काम करताना ही गल्लत साऱ्या निष्कर्षावर पाणी फिरवते. बी-१ नसलेल्या उंदराचे मूत्रपिंड मिळाल्यास त्याची लेन अवश्य ठेवावी.

प्रश्न : उपाशी ठेवलेल्या पेशींत व्ही-१ मधील ‘ए’ घटकाचा ७० किलोडाल्टनजवळचा बँड बदलला नाही. म्हणजे पंपाचे कामही बदलले नाही ना?

असे म्हणता येणार नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा अशी माझी फार इच्छा आहे. व्ही-१ हा भाग व्ही-० पासून सुटू शकतो व पुन्हा जोडला जाऊ शकतो. यीस्टमध्ये ग्लुकोज काढून घेताच काही मिनिटांत हे घडते. अशा वेळी एकूण प्रथिन तेवढेच राहते, फक्त त्याची जागा बदलते. म्हणून पटल आणि पेशीद्रव वेगळे करून दोन्हींत ‘ए’ घटक मोजावा, पटलातल्या मापाला व्ही-० मधील ‘डी’ घटकाची जोड द्यावी, आणि आम्लता स्वतंत्र रंजकाने तपासावी. बॅफिलोमायसिन (हा पंप रोखणारे रसायन) दिलेल्या पेशी त्या तपासणीतील नियंत्रण नमुना ठरतील.

प्रश्न : त्या नियंत्रणासाठी बॅफिलोमायसिनऐवजी ओमेप्राझोल हे आम्लपित्ताचे औषध चालेल का?

नाही. ते जठरातील हायड्रोजन-पोटॅशियम एटीपीएझला रोखते. तो पंप वेगळ्या कुळातला आहे आणि त्याची अँटिबॉडीही वेगळी असते.