समोरून उत्तरच येत नाही

फेब्रुवारी लागला की माझ्या जळगावच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. "मॅडम, मी माझ्याकडून सगळं करतोय, पण समोरून काही उत्तरच येत नाही." कोणी नोकरीचे अर्ज धाडून बसलेलं असतं. कोणाच्या घरी पत्रिका जुळूनही मुलाकडचा निरोप आलेला नसतो. कोणाचा नवरा पुण्याला कंपनीत, मेसेज वाचतो आणि गप्प बसतो. तक्रारीचा पुढचा भाग बहुतेक जण बोलत नाहीत, पण तो चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो: म्हणजे खोट माझ्यातच आहे. माझं भांडण आहे ते या न बोललेल्या भागाशी.

हा प्रश्न आला की हल्ली मी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा पारोळ्याकडचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याला घेऊन वडील आले होते. कापूस घरात पडून, भाव वाढायची वाट बघणारा शेतकरी. खुर्चीच्या कडेवर टेकून त्यांनी सांगितलं, "पोऱ्या कोन्हासंगेच बोलत नही, ताई. जेवतबी नही." आई रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची आणि निम्मे दिवस तो डबा भरलेलाच परत यायचा.

वडिलांना बाहेर बसवलं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "प्रोजेक्ट चालत नाहीये."

"म्हणजे काय होतंय?"

"काहीच होत नाहीये. तोच प्रॉब्लेम आहे."

अशा वेळी मुलाला 'त्याबद्दल तुला काय वाटतं' असं विचारण्याची पद्धत आहे. मी ते नंतर विचारते. आधी तो ज्या गोष्टीशी झगडतो आहे ती मला समजावून सांगायला लावते. माझ्या अनुभवात, भावनांबद्दल बोलायला लाजणारी मुलं वायरींबद्दल भरभरून बोलतात आणि भावना त्यातूनच बाहेर पडतात.

त्यानं सांगितलेलं थोडक्यात असं. शेतातल्या मातीचा ओलावा मोजणारा एक सेन्सर, तो लॅपटॉपला जोडायचा, आणि आकडा बघून ठिबकचा वॉल्व्ह चालू-बंद करायचा. सेन्सरला यूएसबी कळत नाही. मध्ये यूएसबी-टू-सिरियल अडॅप्टर लागतो, बोटाच्या पेराएवढी पाटी, त्यावर सीपी२१०२ नावाची चिप. पुढे आरएस-४८५ चा, म्हणजे ए आणि बी अशा दोन तारांवरून निरोप नेणारा, एक छोटा मॉड्यूल, मग सेन्सर. लॅपटॉपवरून आठ बाइटचा प्रश्न पाठवायचा, सेन्सरनं उत्तर द्यायचं. एका सेकंदात उत्तर आलं नाही तर त्याचा प्रोग्राम स्क्रीनवर 'टाइमआउट' असं छापायचा. त्यानं लॅपटॉप उघडून दाखवला. वरपासून खालपर्यंत तोच एक शब्द, ओळीखाली ओळ. रात्रीचे दोन, तीन, साडेतीन अशा वेळा शेजारी.

"हे बघत बसतोस रात्रभर?"

"हो. आणि वाटतं, बाकी सगळ्यांचं चालतं. आपण मठ्ठ आहोत. बापाचे पैसे वाया घालवले."

इथं मी थांबून सरळ विचारलं, की जगूच नये असं वाटतं का. हा प्रश्न विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. पालकांनीही घाबरू नये. तो म्हणाला, तितकं नाही, पण झोप गेलीये. उत्तर वेगळं असतं तर पुढची गोष्टच वेगळी झाली असती. तुमच्या घरात कोणाचं उत्तर वेगळं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे.

पुढच्या भेटीत मी त्याला कागद दिला. उत्तर न येण्याची जेवढी कारणं सुचतील तेवढी लिही, म्हटलं. त्यानं भराभर लिहिली. केबल नुसती चार्जिंगची असेल, डेटाच्या तारा नसतील. अडॅप्टर उपसून परत लावल्यावर पोर्टचा नंबर बदलला असेल. वेग जुळत नसेल, सेन्सर सेकंदाला ९६०० बिटवर आणि आपण १९२०० वर. ए आणि बी तारा उलट लागल्या असतील. सेन्सरचा पत्ता चुकला असेल. मेसेजचा साचा चुकला असेल. सेन्सर जळला असेल.

"अजून एक राहिलं," मी म्हटलं. "मी मठ्ठ आहे. तेही लिही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पण लिहिलं.

"आता प्रत्येकासमोर लिही, हे तपासायचं कसं."

केबल: बदलून बघता येते. वेग: मॅन्युअलात आहे. तारा: अदलाबदल करता येते. शेवटच्या ओळीपाशी पेन थांबलं.

"हे कसं तपासू?"

"तूच सांग. इंजिनिअर तू आहेस."

बऱ्याच वेळानं म्हणाला, "याची टेस्टच नाही, मॅडम."

"मग ज्याची टेस्ट नाही त्यावर तू रात्री जागतोस, आणि ज्यांची आहे ते अजून तपासलेलं नाहीस."

तो हसला. त्या खोलीतलं त्याचं ते पहिलं हसू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात जी मांडणी केली तिच्यावर माझी श्रद्धा आहे आणि ती मी लपवत नाही: घटना माणसाला आडवं करत नाही, घटनेवर आपण मारलेला शेरा आडवं करतो. 'टाइमआउट' ही घटना. 'मठ्ठ' हा शेरा. पण हे मी त्याला सांगितलं नाही. ते त्याच्या कागदावर त्याच्याच अक्षरात होतं.

पहिली तपासणी त्यानं माझ्यासमोरच केली. अडॅप्टर सुटा केला आणि टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) या दोन पिना एका तुकडा वायरनं जोडल्या. असं केलं की आपण पाठवलेलं आपल्यालाच परत येतं. आठ बाइट गेले, तेच आठ आले. लॅपटॉप, केबल, पोर्ट, अडॅप्टर, चार गोष्टी एका दमात निर्दोष सुटल्या. "म्हणजे माझ्या बाजूचं इथपर्यंत बरोबर आहे," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. हट्टानं.

मग मला एक शंका आली. अडॅप्टर चांगला आहे तर त्याला मेसेज चुकलेला कळत कसा नाही? त्यानं दिलेलं उत्तर मला फार आवडलं. "मॅडम, आई एसटीनं डबा पाठवते. आत भरीत आहे की शेवभाजी, कंडक्टरला काय माहीत? त्यानं फक्त पोचवायचं." लॅपटॉप अडॅप्टरला आधी वेगळ्या निरोपानं सांगतो की वेग किती, स्टॉप बिट किती, पॅरिटी आहे का, डेटा बिट किती. यूएसबीच्या प्रमाणित पद्धतीत हा निरोप सात बाइटचा असतो: चार वेगाचे, बाकी तीन गोष्टींचा एकेक. यंत्राच्या सोळाच्या मोजणीत, जिच्यात काही आकड्यांच्या जागी अक्षरं येतात, ९६०० वेगाला ते होतात ८० २५ ०० ०० ०० ०० ०८. काही चिपांची स्वतःची वेगळी रीत असते, ते ड्रायव्हर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. एकदा हे ठरलं की अडॅप्टर मजकुरात डोकं घालत नाही. एका बाइटला पुढचा-मागचा बिट धरून दहा बिट, म्हणजे मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ. आठ बाइट आठेक मिलिसेकंदांत तारेवर. मजकूर तपासतो तो पलीकडचा सेन्सर.

आणि तो कसा तपासतो, इथंच खरी मेख होती. सेन्सर मॉडबस नावाची भाषा बोलत होता. मॉडिकॉन कंपनीनं १९७९ साली काढलेली ही रीत अजून कारखान्यांतून जोरात चालते. प्रश्नाचा साचा ठरलेला: पहिला बाइट पत्ता, दुसरा काय काम, पुढचे दोन कुठून वाचायचं, पुढचे दोन किती वाचायचं, आणि शेवटचे दोन बाइट सीआरसी, म्हणजे आधीच्या सहांवरून काढलेली पडताळणी. पलीकडचं यंत्र ही पडताळणी स्वतः पुन्हा काढतं. जुळली नाही तर ते 'चुकलं' असंही म्हणत नाही. मेसेज टाकून देतं आणि गप्प राहतं. नियमच तसा आहे.

मी म्हटलं, थांब, हे परत सांग.

"पडताळणी चुकली तर तो गप्प बसतो."

"म्हणजे गप्प बसलाय याचा अर्थ तो मेलाय असा नाही?"

"नाही."

"तू मठ्ठ आहेस असाही नाही?"

"नाही. मेसेज त्याला मेसेज वाटला नाही, एवढंच."

घरी करायला मी एकच काम दिलं. मॅन्युअलात नमुन्याचा मेसेज असेल तो हातानं कागदावर उतरव. त्याखाली, तोच मेसेज तुझा प्रोग्राम कसा बनवतो ते उतरव. तू काय पाठवतोयस असं तुला वाटतं ते नको, प्रत्यक्ष काय जातं ते. आणि काही सापडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदल.

नमुना होता ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. त्याच्या प्रोग्रामनं बनवला ०१ ०३ ०० ०० ०० ०२ ०बी सी४. शेवटचे दोन बाइट उलटे. गंमत अशी की त्या साच्यात बाकी सगळीकडे मोठा बाइट आधी जातो आणि फक्त सीआरसीचा लहान बाइट आधी. त्यानं एकच नियम सगळीकडे लावला होता. यात मठ्ठपणा कुठं आहे? उलट तो सुसंगत वागला होता.

त्यानं तेवढंच सरळ केलं. रात्री साडेअकराला मला मेसेज आला. अशा वेळी मी फोन बघत नाही, त्या दिवशी बघितला. "मॅडम, उत्तर आलं! नाही म्हणाला!!"

आलेले पाच बाइट: ०१ ८३ ०२ सी० एफ१. कामाचा आकडा ०३ होता, त्यात ८० मिळवून ८३ केला की तो नकार समजायचा. पुढचा ०२ म्हणजे 'तू मागितलेली जागा माझ्याकडे नाही'. नमुन्यात जागा शून्य होती, पण सेन्सरला पाठवायच्या त्याच्या खऱ्या मेसेजमध्ये यानं मॅन्युअलातल्या तक्त्यातला ४०००१ हा नंबर जसाच्या तसा घातला होता. तारेवर मात्र ४०००१ म्हणजे शून्य पाठवायचं असतं.

नकार आला म्हणून उड्या मारणारा मुलगा मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या उद्गारचिन्हांपाशी मला माझ्याच कामातलं एक कोडं उलगडल्यासारखं झालं. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं नकाराला इतकी भितात की नकार देता येईल असा प्रश्नच विचारत नाहीत. मोघम काहीतरी पाठवतात आणि शांततेत कुढत बसतात. नकारात माहिती असते: समोरचा आहे, त्याला ऐकू आलं, त्याला कळलं, आणि अडचण अमुक ठिकाणी आहे. शांततेत यातलं काहीच नसतं, म्हणून आपण ती आपल्या मनातल्या सगळ्यात वाईट मजकुरानं भरून काढतो.

त्याच्या गाइडचंच बघा. "सर बघतच नाहीत माझे मेसेज." मी मेसेज पाहिला: 'सर प्रोजेक्ट चालत नाहीये, काय करू'. सरांनी यावर हो म्हणायचं की नाही? आम्ही दोघांनी बसून नवा लिहिला. सेन्सर नकाराचा कोड ०२ देतो, पाठवलेले बाइट खाली दिले आहेत, उद्या अकरा ते बारामध्ये लॅबमध्ये दहा मिनिटं द्याल का? तासाभरात उत्तर: उद्या नाही, परवा ये.

माणूस म्हणजे मॉडबस नाही, हे मला कळतं. माणूस समजूनउमजूनही गप्प बसतो, आणि पुण्याच्या त्या नवऱ्याला नीट साच्यातला मेसेज पाठवून संसार सावरेलच असं मी कोणाला सांगणार नाही. पण आधी आपल्या बाजूचं तपासायचं, मग हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायचं, मग ठरवलेल्या मुदतीपर्यंतच थांबायचं. अर्ज पोचला का, एवढंच विचारायला फोन करा. स्थळाकडच्यांना सांगा, रविवारपर्यंत कळवा, नाही असलं तरी चालेल. मुदत संपली की पुढचं पाऊल आपलं, त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसायचं नाही. आणि पालकांनी 'एवढं साधं जमत नाही का' हे वाक्य निदान परीक्षेपर्यंत गिळावं. त्यापेक्षा 'आज काय तपासलंस' असं विचारावं. त्याच्या वडिलांना मी हेच सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी रोज फोनवर विचारायला लागले, आणि डबे रिकामे परत जाऊ लागले.

नंतर तो आला तो वैतागून. ओलाव्याचा आकडा येत होता, पण तापमान ३१२ दाखवत होतं. "खान्देशातही इतकं नसतं," म्हणाला. दहानं भागायचं असतं, हे त्यानं बोलता बोलता मॅन्युअलात स्वतःच शोधलं आणि लॅपटॉप मिटवला. वेळ उरला होता. मग त्यानं बहिणीच्या लग्नाला काढलेल्या कर्जाचा विषय काढला, आणि त्या दिवसापासून आमचं खरं काम सुरू झालं.