पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नकोस

सत्र सुरू व्हायला नऊ दिवस उरलेत, तेव्हा ग्रुपवर नोटीस पडते की तुझं कॉलेज 40 किलोमीटर लांब हललं. आणि विचारायला गेलं की उत्तर काय, तर नवीन इमारत बघा तरी किती छान आहे! तुझी पोस्ट वाचून पोटात तोच जुना गोळा आला. तुझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेन, म्हणून सरळ अरे-तुरे करतेय.

आमचं कॉलेज (नाव लिहीत नाही, ओळखीचे लोक अजून तिथे आहेत) मुंबईतून कर्जत लाइनवर गेलं तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. घर डोंबिवलीत. सगळे म्हणायचे, बरं झालं, उलट्या दिशेची रिकामी गाडी मिळेल. अरे, पण बदलापूरच्या पुढे जाणाऱ्या लोकलच मोजक्या. एक चुकली की पहिलं लेक्चर गेलंच. दादरचा तिमाही पास नुकताच काढला होता, तोही वाया. (तू सध्या मासिकच काढ.)

तरी हे सगळं निभावलं असतं. माझं सेमिस्टर बुडालं ते एका शिक्क्यापायी.

आम्ही 63 जणांनी सह्या करून अर्ज लिहिला होता: स्टेशनवरून बस द्या, आणि ती सुरू होईपर्यंत पहिल्या लेक्चरची हजेरी सांभाळून घ्या. तो घेऊन खिडकीशी मीच गेले. टेबलावर शिक्का होता, शाईचं पॅड उघडं होतं, त्यावर बशी ठेवून बाई चहा पीत होत्या. म्हणाल्या, ‘ठेवून जा, साहेब आले की देते.’ मी ठेवून आले. झेरॉक्ससुद्धा काढली नव्हती! डिफॉल्टर लिस्टमध्ये (हजेरी कमी पडलेल्यांची यादी) माझी हजेरी 61 टक्के निघाली आणि मी अर्जाचा विषय काढला, तर त्याच खिडकीतून उत्तर आलं, ‘असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही.’ टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे परीक्षेलाच बसू दिलं नाही. सहा महिने घरी.

म्हणून सांगते, अर्जाच्या दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घे. पोच देत नसतील तर वाद घालू नकोस, सरळ स्पीड पोस्टाने पाठव आणि पोहोचल्याचा पुरावा ठेव (रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय). ‘स्थलांतराला माझी हरकत नाही’ असं हमीपत्र पुढे केलं तर त्याच दिवशी सही करू नकोस. परीक्षेचा फॉर्म अडवतील म्हणून घाबरवतात, आमच्या निम्म्या वर्गाने त्या भीतीनेच केली.

पुढचं मी वकील नाही हे धरून वाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. कबूल केलेल्या सुविधा न देणं हीसुद्धा त्यात तक्रार धरली जाते, तेव्हा तुझ्या प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका आजच उतरवून ठेव, वेबसाइटवरून कधी गायब होईल सांगता येत नाही. इंजिनीअरिंग असेल तर जागा बदलायला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मंजुरी लागते, त्यासाठी शासनाचं आणि विद्यापीठाचं ना-हरकत पत्रही. ते दिलंय का, हे विद्यापीठाला माहिती अधिकारात विचार. फी दहा रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे त्यात राग ओतू नकोस.

मोर्चाबिर्चाच्या भानगडीत पडायचं की नाही ते तुझं तू ठरव. आमच्याकडे एका संघटनेची मुलं आली, गेटवर फोटो काढून गेली. माझं मत त्यावरून बनलंय, सगळे तसे नसतीलही.

आणि ऑफिसात तीनच्या आत जा. त्यानंतर ‘शिक्का कपाटात गेला’ असं सांगतात.